सतनाम सिंग भमारा

सतनाम सिंग भमारा (जन्म: १० डिसेंबर १९९५, बल्लोके, पंजाब) हा भारतीय बास्केटबॉलपटू आहे. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या व्यावसायिक संघटनेच्या वार्षिक निवडप्रक्रियेत, म्हणजे 'ड्राफ्ट'मध्ये, निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू होय. २५ जून २०१५ रोजी डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडले. त्या वेळी त्याचे वय १९ वर्षे आणि उंची ७ फूट २ इंच (सुमारे २१८ सेंटिमीटर) होती. तो 'सेंटर' या स्थानावर, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळ राहून खेळत असे.

सतनामला 'एनबीएमध्ये खेळलेला पहिला भारतीय' असे अनेकदा संबोधले जाते. ते बरोबर नाही. त्याची निवड झाली, मॅव्हरिक्सतर्फे तो उन्हाळी स्पर्धेतही उतरला. परंतु एनबीएच्या मुख्य हंगामातील एकही सामना तो खेळलेला नाही.

कुटुंब आणि बालपण

बल्लोके हे पंजाबच्या माळवा भागातील सुमारे ८०० लोकवस्तीचे शेतकरी गाव. सतनामच्या जन्माच्या वेळी हा परिसर संगरूर जिल्ह्यात होता. २००६ मध्ये बर्नाला हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून तो त्या जिल्ह्यात मोडतो. सतनामचे वडील बलबीर सिंग भमारा हे शेतकरी असून शेतीच्या जोडीला कुटुंबाची पिठाची गिरणी होती. सतनामला एक बहीण आणि एक भाऊ आहे.

भमारा घराण्यात उंची पिढीजात आहे. बलबीर सिंग यांची उंची ७ फूट २ इंच, तर सतनामच्या आजीची ६ फूट ९ इंच असल्याचे सांगितले जाते. बलबीर सिंग तरुण असताना त्यांनी बास्केटबॉल खेळावे असे अनेकांनी सुचवले होते. पण घरची शेती सांभाळायला माणूस हवा म्हणून त्यांच्या वडिलांनी त्यास संमती दिली नाही, आणि बलबीर सिंग गावातच राहिले. सतनामच्या पुढील वाटचालीचा उगम या नकारात आहे. मुलगाही आपल्यासारखाच वाढतो आहे हे ध्यानात येताच बलबीर सिंग यांनी त्याच्या हाती चेंडू दिला आणि घराच्या आवारात बास्केट उभारून दिली. पुढे परिचितांच्या सल्ल्याने त्यांनी त्याला लुधियानाला पाठवले. त्या वेळी सतनाम जेमतेम दहा वर्षांचा होता. नातवाच्या बाबतीत तरी शेतीचे कारण कुणी पुढे केले नाही.

पार्श्वभूमी: भारतातील बास्केटबॉल

१८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी या खेळाची आखणी केली. वायएमसीए या संस्थेच्या व मिशनऱ्यांच्या द्वारे तो भारतात पोहोचला. भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना १९५० मध्ये झाली. ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ केवळ एकदा, १९८० साली मॉस्को येथे, खेळला. आशियाई स्पर्धांतील भारताची सर्वोत्तम कामगिरी १९७५ सालची असून त्या वर्षी बँकॉक येथे भारताला चौथा क्रमांक मिळाला होता.

देशभर हा खेळ सारखा कधीच पसरला नाही. तो ठिकठिकाणी बेटांसारखा राहिला. मुंबईतील नागपाडा हे असे एक बेट. तेथून पुढे आलेल्या गुलाम अब्बास मुंतसिर यांना १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. पंजाबात लुधियाना हे या खेळाचे ठाणे मानले जाते. चांगल्या खेळाडूला मात्र या खेळातून मिळण्यासारखी गोष्ट प्रायः एकच होती, ती म्हणजे रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमातील नोकरी. सतनाम वाढत होता त्या काळात देशात स्थिर अशी व्यावसायिक बास्केटबॉल लीग नव्हती. म्हणूनच पंजाबातील एखाद्या उंच मुलाकडून अपेक्षा असे ती राज्याच्या संघातून खेळून पोलीस दलात भरती होण्याची. अमेरिकेतील व्यावसायिक संघ हे त्या वाटेवरचे ठिकाण नव्हते.

लुधियाना अकादमी

लुधियाना बास्केटबॉल अकादमी गुरु नानक स्टेडियमच्या आवारात चालते. पंजाब बास्केटबॉल संघटनेचे सचिव तेजा सिंग धालीवाल आणि प्रशिक्षक एस. सुब्रमण्यम यांनी तिला आकार दिला. राज्याच्या खेड्यापाड्यांतून उंच, काटक मुले हेरायची, त्यांना वसतिगृहात ठेवायचे, जवळच्या शाळेत घालायचे आणि सकाळ-संध्याकाळ मैदानावर उतरवायचे, अशी तेथील पद्धत होती. महाराष्ट्रातील वाचकाला कुस्तीच्या तालमीची आठवण यावी असेच हे वातावरण आहे. मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात, आणि प्रशिक्षकाचा शब्द घरच्या वडीलधाऱ्यांच्या शब्दाइतकाच मानला जातो.

सुब्रमण्यम हे मूळचे दक्षिणेकडील. परंतु त्यांच्या प्रशिक्षक म्हणून केलेल्या कामाचा मोठा भाग पंजाबात घडला. उंच मुलाच्या बाबतीत प्रशिक्षकाला दोन मोह होतात. एक म्हणजे त्याला नुसते बास्केटखाली उभे करून ठेवण्याचा, आणि दुसरा म्हणजे त्याचे शरीर तयार होण्यापूर्वीच मोठ्या वयोगटात खेळवण्याचा. सतनामला लुधियानात जे मिळाले त्यात चेंडू हातात घट्ट धरणे, पायांची हालचाल आणि मध्यम अंतरावरून फेक करणे यांचा पाया होता. पुढे अमेरिकेतील प्रशिक्षकांनी त्याच्या हातांच्या मृदू फेकीचे जे कौतुक केले, तिची सुरुवात येथे झाली होती. दुसरा मोह मात्र पूर्णपणे टळला असे म्हणता येत नाही. तेरा वर्षांचा असतानाच तो सोळा वर्षांखालील राष्ट्रीय संघातून खेळू लागला.

चौदाव्या वर्षी त्याची उंची सात फुटांच्या आसपास पोहोचली. त्याच्या मापाचे बूट भारतीय बाजारात मिळत नसत. याच सुमारास एनबीएने भारतात खेळाच्या प्रसारासाठी काम सुरू केले होते. एनबीएचे भारतातील प्रशिक्षण-प्रमुख ट्रॉय जस्टिस यांच्या पाहण्यात हा मुलगा आला आणि त्याच्याविषयी अमेरिकी वृत्तपत्रांतून लिहिले जाऊ लागले. चीनचा याओ मिंग २००२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेल्यापासून त्या देशात एनबीएला अफाट प्रेक्षकवर्ग लाभला होता. 'भारताचा याओ मिंग कोण?' हा प्रश्न त्यामुळे खेळाइतकाच बाजारपेठेचाही होता. चौदा वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या मुलावर ते नाव लादले गेले. येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. याओ मिंग अमेरिकेत गेला तेव्हा चीनच्या व्यावसायिक लीगमध्ये तो अनेक हंगाम प्रौढ खेळाडूंविरुद्ध खेळलेला होता. सतनामच्या पाठीशी असे काही नव्हते.

फ्लोरिडातील वर्षे

२०१० मध्ये आयएमजी ही आंतरराष्ट्रीय क्रीडा-व्यवस्थापन कंपनी आणि रिलायन्स उद्योगसमूह यांनी संयुक्त उपक्रम स्थापन केला आणि भारतीय बास्केटबॉल महासंघाशी दीर्घ मुदतीचा करार केला. महासंघाचे तत्कालीन सरचिटणीस हरीश शर्मा यांचा या करारात पुढाकार होता. कराराचा एक भाग म्हणून देशभरातील निवडक मुलामुलींच्या चाचण्या घेऊन त्यांतील चार मुले व चार मुली यांना फ्लोरिडातील ब्रेडेंटन येथील आयएमजी अकादमीत शिष्यवृत्तीवर पाठवण्यात आले. सतनाम त्यांपैकी एक होता. २०१० च्या सप्टेंबरमध्ये तो अमेरिकेत गेला तेव्हा त्याला पंधरावे वर्षही पूर्ण व्हायचे होते.

त्याला पंजाबी व हिंदी येत होती. इंग्रजी जवळपास नव्हतीच. शाळेतील सर्व विषय, प्रशिक्षकांच्या सूचना, संघातील बोलणे, उपाहारगृहातील पदार्थांची नावे, सारेच इंग्रजीत. खेळाच्या बाबतीतही फरक मोठा होता. भारतात त्याच्या वयाच्या मुलांमध्ये त्याच्या उंचीला उत्तर नव्हते. तो हात वर करून उभा राहिला तरी गुण मिळत. ब्रेडेंटनमध्ये त्याच्यासमोर साडेसहा फुटांचे, पण त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आणि बलदंड खेळाडू होते. तेथे त्याला आहार, वजनांचा व्यायाम आणि धावण्याचे तंत्र या गोष्टी अक्षरशः पहिल्यापासून शिकवण्यात आल्या. शरीराचे वजन सुमारे १३० किलो ठेवून संपूर्ण मैदानभर वर-खाली धावणे ही त्याची कायमची अडचण राहिली. चेंडूफेक उत्तम, हात मजबूत, पण पाय मंद, असे त्याच्याविषयीचे मत पुढे ड्राफ्टच्या वेळीही व्यक्त झाले.

या काळात तो राष्ट्रीय संघासाठी भारतात व आशियात येत-जात होता. २०११ मध्ये चीनमधील वुहान येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तो भारताच्या वरिष्ठ संघातून खेळला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. २०१३ च्या मनिला येथील स्पर्धेतही त्याचा संघात समावेश होता.

ज्यांनी त्याला घडवले त्यांपैकी दोघे त्याचे यश पाहू शकले नाहीत. हरीश शर्मा यांचे २०१२ मध्ये, तर सुब्रमण्यम यांचे २०१३ मध्ये निधन झाले.

महाविद्यालयाचे बंद झालेले दार

अमेरिकेतील तरुण बास्केटबॉलपटूची नेहमीची वाट शालेय संघ, विद्यापीठाचा संघ आणि मग एनबीए अशी असते. त्या काळी विद्यापीठीय संघातून खेळण्यासाठी शालेय विषयांतील ठराविक गुण आणि प्रवेशपरीक्षेतील पात्रता आवश्यक असे. सतनामचे प्राथमिक शिक्षण पंजाबी माध्यमात झाले होते आणि त्यातील बराचसा काळ मैदानावर गेला होता. पंधराव्या वर्षी सुरू केलेल्या इंग्रजीवर त्या परीक्षा निभावणे त्याला जमले नाही. त्याच्याविषयीच्या लेखांत या बाबीचा उल्लेख ओझरता येतो. वस्तुतः त्याच्या कारकिर्दीला वळण देणारी हीच घटना आहे. विद्यापीठाच्या संघात दोन-तीन वर्षे मिळाली असती तर शरीर व खेळ दोन्ही परिपक्व होण्यास अवधी मिळाला असता, असे मानण्यास जागा आहे.

विद्यापीठाचे दार बंद झाल्यामुळे त्याच्यासमोर दोन पर्याय उरले. परदेशातील एखाद्या लहान व्यावसायिक संघात जाणे, किंवा थेट ड्राफ्टसाठी नाव नोंदवणे. नियमानुसार ड्राफ्टच्या वर्षी खेळाडूने १९ वर्षे पूर्ण केलेली असावी लागतात, आणि अमेरिकेत शिकलेल्या खेळाडूच्या शालेय शिक्षणाच्या समाप्तीनंतर एक हंगाम उलटलेला असावा लागतो. सतनामने आयएमजी अकादमीत एक वर्ष अधिक काढले होते, त्यामुळे तो पात्र ठरत होता. २०१५ च्या एप्रिलमध्ये त्याने आपले नाव जाहीर केले.

२०१५ चा ड्राफ्ट

'ड्राफ्ट' म्हणजे लिलाव नव्हे. क्रिकेटच्या आयपीएलमुळे मराठी वाचकाचा असा समज होण्याची शक्यता आहे. एनबीएचे ३० संघ दोन फेऱ्यांत, ठरलेल्या क्रमाने, प्रत्येकी एका नवोदित खेळाडूवर हक्क सांगतात. म्हणजे वर्षाकाठी जगभरातून केवळ ६० जणांची निवड होते. पहिल्या फेरीतील खेळाडूंना हमीचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीतील खेळाडूवर संघाचा हक्क लागतो, पण करार मिळेलच असे नसते. सतनामच्या बाबतीत पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा भेद महत्त्वाचा आहे.

हा सोहळा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील बार्कलेज सेंटर येथे झाला. कार्ल-अँथनी टाउन्स हा त्या वर्षी पहिला निवडला गेला. दुसऱ्या फेरीत ५२व्या क्रमांकाची निवड उपायुक्त मार्क टॅटम यांनी जाहीर केली आणि सतनाम सिंग हे नाव उच्चारले गेले. २००५ नंतर विद्यापीठात अथवा अन्य व्यावसायिक लीगमध्ये न खेळता, थेट शालेय पातळीवरून निवडला गेलेला तो पहिलाच खेळाडू ठरला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनडात जन्मलेला, पंजाबी वंशाचा सिम भुल्लर सॅक्रामेंटो किंग्ज संघाकडून मैदानात उतरला होता, आणि भारतीय वंशाचा एनबीएतील पहिला खेळाडू हा मान त्याच्याकडे जातो. या किंग्ज संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले उद्योजक आहेत. सिम भुल्लर व सतनाम यांच्या नावांची वृत्तपत्रांत पुष्कळदा गल्लत झालेली दिसते.

टेक्सास लेजंड्स

जुलै २०१५ मध्ये सतनाम लास व्हेगास येथील उन्हाळी स्पर्धेत मॅव्हरिक्सकडून खेळला. मात्र मुख्य संघाशी त्याचा करार झाला नाही. मॅव्हरिक्सशी संलग्न असलेल्या टेक्सास लेजंड्स या संघातून तो एनबीएच्या विकास लीगमध्ये (आता जी लीग) २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम राहिला. येथेही त्याला फार थोडा वेळ मैदानावर मिळाला. बहुतेक सामने त्याने राखीव खेळाडूंच्या बाकावरून पाहिले.

याचे कारण केवळ त्याच्या उणिवांत शोधणे योग्य ठरणार नाही. ज्या वर्षी त्याची निवड झाली त्याच वर्षी गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने विजेतेपद मिळवले, ते प्रामुख्याने वेगवान खेळ आणि तीन गुणांच्या लांब फेकींच्या बळावर. त्यानंतरच्या काळात संपूर्ण लीगचा खेळ त्या दिशेने वळला. बास्केटजवळ पाठ करून उभा राहणारा, संथ गतीचा अतिउंच सेंटर ही प्रतिमा वेगाने मागे पडली. सतनामला दहा वर्षांचा असल्यापासून जे शिकवले गेले होते त्याची गरज, तो तेथे पोहोचेपर्यंत, कमी होऊ लागली होती.

२०१६ मध्ये त्याच्या जीवनावर 'वन इन अ बिलियन' हा अनुबोधपट प्रदर्शित झाला. बल्लोकेपासून ड्राफ्टच्या रात्रीपर्यंतचा प्रवास त्यात दाखवला आहे.

इतर खेळाडूंवरील परिणाम

सतनामच्या निवडीनंतर परदेशी संघांचे लक्ष भारतीय खेळाडूंकडे वळले. पंजाबचाच पलप्रीत सिंग ब्रार २०१६ मध्ये विकास लीगच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला. अमृतपाल सिंग २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी किंग्ज संघात दाखल झाला. २०१७ मध्येच एनबीएने दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे निवासी अकादमी सुरू केली. लुधियाना अकादमीतून पुढे आलेला प्रिन्सपाल सिंग याच मार्गाने गेला आणि २०२१ साली उन्हाळी स्पर्धा जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या चमूत होता.

एनबीएचे भारतातील पहिले सामने ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळी येथील एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात झाले. दोन्ही सामने पेसर्सने जिंकले. दोन्ही संघांत भारतीय खेळाडू नव्हता.

नंतरची कारकीर्द

टेक्सासहून परतल्यावर सतनाम भारतीय संघातून खेळत राहिला. २०१८-१९ च्या हंगामात तो कॅनडातील सेंट जॉन्स एज या संघात होता. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेपूर्वीच्या शिबिराच्या काळात घेतलेल्या उत्तेजक-चाचणीत त्याच्या नमुन्यात हिजेनामाइन हे निषिद्ध द्रव्य आढळले आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घालण्यात आली. हे द्रव्य आपण जाणूनबुजून घेतले नव्हते, अशी त्याची भूमिका होती. बंदीचा काळ नोव्हेंबर २०२१ मध्ये संपला.

तत्पूर्वीच, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, ऑल एलिट रेसलिंग या अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती-मनोरंजन कंपनीने त्याच्याशी करार केला. एप्रिल २०२२ मध्ये तो दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात प्रथम दिसला.